घराण्यात माणसं किती

१ सप्टेंबर, रविवार

शेवटी ते लोढणं माझ्याच गळ्यात आलं.

परवा शुक्रवारी नमाजानंतर मदाफात, म्हणजे घराण्याच्या सामायिक बैठकघरात, आमच्या दुरैजात घराण्याच्या पुरुषांची बैठक झाली. घराण्याच्या निधीतून सगळ्यांचा मिळून खाजगी आरोग्य विमा काढायचा, असं एकमताने ठरलं. कंपनी कोणती, हे मात्र एकालाही ठरवता येईना, कारण त्यासाठी कागद वाचावे लागतात. मग कोणीतरी म्हणालं, अदीबच्या बहिणीने जन्मभर गणित शिकवलंय, तिलाच वाचू द्या. अदीब माझा धाकटा भाऊ, निधीचा अध्यक्ष. आज सकाळी खालच्या मजल्यावरून अंजिरांची परडी घेऊन वर आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी काम आहे.

मी आढेवेढे घेतले, पण मनातून खूश झाले. खोटं कशाला लिहू. टिपण तारखेनिशी ठेवणार आहे, कारण या घराण्यात काम चांगलं झालं तर ते अध्यक्षांनी केलेलं असतं आणि बिघडलं तर बाईने.

खरं कारण रतीबा आत्या. तिच्या हृदयाची एक झडप आक्रसली आहे आणि हिवाळा सुरू व्हायच्या आत ती बदला, असं डॉक्टर म्हणतात. सरकारी हॉस्पिटलात नंबर लागेल तो पुढच्या वसंतात. एकटीचा विमा काढावा म्हणून मी गेल्या महिन्यात एका कंपनीला फोन केला होता. वय चौऱ्याहत्तर आणि झडप, एवढं ऐकून पलीकडचा मुलगा हसला नाही, हीच त्याची सभ्यता. पण शेकडो माणसांचा एकत्र विमा असला की कोणाचा जुना आजार विचारत नाहीत. कळपात म्हातारी मेंढीही मोजली जाते. तेव्हा आत्याला वाचवायचं तर हा एवढाच रस्ता आहे.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि अदीब तीन. आत्या त्याच वर्षी विधवा होऊन करकच्या सासरहून परत आली होती. मूलबाळ नाही. तिने आम्हा दोघांना वाढवलं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ती नसलेलं घर मला नको आहे.

माझा स्वतःचा विमा शाळेबरोबर संपला, पण मी अदीबच्या घरात धरलेलीच आहे. माझी काळजी नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

आज तीन कंपन्यांची माणसं अदीबच्या दिवाणखान्यात येऊन गेली.

पहिला हिरव्या टायवाला. मोठी चॉकलेटची पेटी घेऊन आला आणि बसल्या बसल्या सगळ्यांना काका-मामा करू लागला. आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस. अम्मानमधल्या ज्या हॉस्पिटलात आत्याचे डॉक्टर शस्त्रक्रिया करतात, ते तुमच्या यादीत आहे का, असं विचारलं तर म्हणाला, इन्शाअल्ला. मी म्हटलं, बाबा, देवाच्या इच्छेचं मी देवाशी बघते, तू यादीचं सांग. दुसरे बँकेचे गृहस्थ. ते स्वतःच इतके खोकत होते की हियामने, म्हणजे अदीबच्या बायकोने, त्यांना सेजचा चहा करून दिला. पॉलिसीबद्दल ते फारसं बोललेच नाहीत.

तिसरी रझान. पंचविशीची मुलगी, लहान कंपनी. चॉकलेट नाही, हसणं नाही, विचारेल त्याचं उत्तर. मला आवडली. तिने विचारलं, घराण्यात माणसं किती?

अदीब म्हणाला, "साडेतीन हजार."

मी त्याच्याकडे पाहिलं, तो छताकडे पाहत होता. साडेतीन हजार हा आमचा निवडणुकीतला आकडा आहे. उमेदवार दारात आले की सांगायचा. त्यात मेलेले, अमेरिकेला गेलेले आणि शेजारचे दोन वाडेही धरलेले असतात. रझानने मान डोलावली आणि म्हणाली, एवढी माणसं असतील तर जुना आजार कोणाला विचारणार नाही, ऐंशीच्या पुढचेही चालतील, अम्मानचं ते हॉस्पिटल आहेच. निदान चारशे नावं मात्र हवीत. अदीब मोठ्याने हसला. चारशे तर आमच्या एका लग्नात मन्सफच्या मटणभाताला बसतात, म्हणाला.

मी गप्प बसले. अटी इतक्या चांगल्या होत्या की तोंड उघडवेना.

८ सप्टेंबर, रविवार

गोड बोलण्यावर जायचं नाही, असं ठरवून आज बसने अम्मानला गेले आणि सकाळभर त्या हॉस्पिटलात विम्याच्या खिडकीसमोर बाकावर बसले. कार्ड खिडकीतून आत जातं, मग कंपनीची मंजुरी येते किंवा येत नाही. कोणाचं कार्ड गेलं की काय होतं, तेवढंच बघायचं.

हिरव्या कंपनीच्या एका बापाला तापलेलं पोर खांद्यावर घेऊन तिष्ठावं लागलं. मंजुरी देणारा साहेब जेवायला गेला होता म्हणे. बँकेच्या कंपनीचं काम होतं, पण बैलगाडीच्या चालीने. रझानच्या कंपनीचं कार्ड आत गेलं की बहुतेक वेळा माणूस हातातला चहा संपायच्या आत मोकळा होई. एका बाईचं औषधावरून वाजलं, तेही लिहून ठेवते. साधुसंत कोणीच नाही.

खिडकीतल्या माणसाने शेवटी विचारलं, बाई, तुमचा पेशंट कोण? म्हटलं, पेशंट नाही, नवरामुलगा बघायला आलेय. त्याच्या नकळत तो कसा वागतो ते बघतेय. तो हसला आणि मग आपण होऊन त्याने मला एक गोष्ट सांगितली: ज्या कंपनीचा फोन माणूस उचलतो तीच घ्या, यंत्र उचलतं ती नको. घरी येऊन तिन्ही कंपन्यांना फोन लावले. रझानच्या कंपनीत माणसाने उचलला.

ठरलं. तीच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आठवडाभर दारोदार नावं गोळा केली. जिभेला फोड यायचा बाकी आहे.

बायका वय सांगत नाहीत. एका वहिनीचं वय तिच्या थोरल्या मुलीपेक्षा नऊच वर्षांनी जास्त निघालं. मी वहीतून डोकं वर काढलं तर ती म्हणाली, लवकर लग्न झालं माझं. अबू सक्र काका, घराण्यातले सर्वांत वडील, बाबांचे चुलतभाऊ. त्यांनी स्वतःचं वय एकसष्ट सांगितलं. त्यांचा थोरला मुलगा साठचा आहे. उम्म सक्र काकूंनी आतून ओरडून सांगितलं, ब्याऐंशी लिही गं, मी मोजलीत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नाव लिहायचं तर निधीची वर्गणी भरलेली हवी, आणि वर्गणी म्हटलं की साडेतीन हजारांतले वर्गणीदार कुठे गडप झाले कोण जाणे. एकाची सरकारी नोकरी आहे, एकाचा सैन्यातला विमा आहे, एक काकांशी अबोला धरून बसलाय. बडा घर पोकळ वासा. वर्गणीदार, त्यांच्या बायका आणि मुलं मिळून चारशेला साठेक नावं कमी पडताहेत.

अदीबला सांगितलं. तो म्हणाला, होईल. त्याचं 'होईल' मी तो तीन वर्षांचा असल्यापासून ऐकते आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

आत्या बाजारातून द्राक्षं आणायला गेली. कोणालाही न सांगता. परत येताना जिन्यात बसून राहिली. ओठ निळसर, पिशवी मांडीवर. मी धावत गेले तर म्हणते, पोरी, दमले नाहीये, गल्ली बघतेय. आमच्या जिन्यातून गल्ली दिसत नाही.

संध्याकाळी अदीबला स्पष्ट विचारलं, आत्याचं नाव तू अजून कुठे लिहिलं नाहीस, कधी लिहितोस? तो म्हणाला, ताई, ती करककडच्या घराण्यात दिलेली, रीत म्हणून ती त्यांच्यात मोजतात, काकांना विचारावं लागेल. मी म्हटलं, करकवाल्यांना ती जिवंत आहे हे तरी माहीत आहे का? तो म्हणाला, बघतो ना. हियाम भांडी विसळता विसळता माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलायचं असल्यासारखी. मग विचारलं, ताई, तुमच्यासाठी भेंडी काढून ठेवू? ठेव म्हटलं. चांगली आहे बिचारी, पण हल्ली जरा घुमी झाली आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

रझानचा फोन. नावं कमी असतील तर तिच्या साहेबांना जुन्या अटी मान्य नाहीत. मग प्रत्येकाचे आजार विचारणार आणि पासष्टच्या वर कोणालाच घेणार नाहीत. या महिनाअखेरपर्यंतची मुदत तिने स्वतःच्या जबाबदारीवर घेतली आहे.

मग ती म्हणाली, एक विचारू का? तुमच्या यादीत बहिणी, आत्या, लेकी अशा का नाहीत? आमच्याकडे असा काही नियम नाही.

मी हसले. म्हटलं, अगं, लग्न झालं की मुलगी नवऱ्याच्या घराण्याची. फोन ठेवल्यावर मात्र हसू गेलं. मी मनातल्या मनात एकेक घर फिरून आले. काकांची वफा, नवऱ्याने सोडलेली, दोन मुलं घेऊन बापाच्या घरी आहे. तिला कोण मोजतं? मधल्या आळीतल्या दोघी विधवा बहिणी. ज्यांच्या नवऱ्यांच्या घराण्यात निधीच नाही अशा लेकी आणि त्यांची मुलं. साठ काय, सव्वाशे निघतील. आम्ही कुवेतमधल्या चुलत-चुलत भावांना फोन करून थकलो आणि आमच्याच स्वयंपाकघरात बसलेली माणसं मोजली नाहीत.

आत्याचा प्रश्नही त्यातच सुटतो. असं गणित वर्गात सुटलं की मी खडू खाली ठेवून मुलींकडे बघत असे. आज बघायला कोणी नव्हतं, म्हणून आत्याला सांगितलं. ती म्हणाली, फर्हान ऐकायचा नाही. काकांना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता एवढं एकच माणूस उरलंय.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज मदाफात विषय निघाला. बायका तिथे बसत नाहीत, म्हणून मी अदीबला सगळं पढवून पाठवलं होतं. दुपारी तो उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. काका म्हणाले, आज लेकीच्या मुलांना कार्डं दिली की उद्या ती निवडणुकीत बोलायला येतील आणि परवा ऑलिव्हच्या बागा वाटून मागतील. कंपनीच्या सोयीसाठी आपण आपलं रक्त बदलायचं का?

तू काय म्हणालास, असं मी विचारलं. तो म्हणाला, काय म्हणणार, वडीलधारे आहेत. भीड भिकेची बहीण, आणि आमचा अदीब तिचा सख्खा भाऊ. मी दार आपटून वर आले. रागाने मला जेवण गेलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

हे लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

सकाळी रझान इथे आमच्या सॉल्ट गावात आली होती. वर बसलो, नावं तपासली. ती सहज म्हणाली, मिस, तुमचं नाव कोणाखाली आहे? म्हटलं, अदीबच्या. ती म्हणाली, अदीब साहेबांच्या घरात पाच नावं आहेत, ते, त्यांच्या पत्नी आणि तीन मुलं. राहिलं असेल, म्हटलं. त्याचं काय, अर्धवट काम करायची सवयच आहे.

दुपारी जेवताना मी हसतच सांगितलं, अध्यक्षमहाशय, बहिणीला विसरलात. अदीबने घास खाली ठेवला. हियाम उठून आत गेली.

"विसरलो नाही, ताई," तो म्हणाला. "बसत नाही तू. वर्गणीदार, त्याची बायको, त्याची मुलं. बहीण त्यात येत नाही. मी तीन आठवडे सांगू सांगू म्हणत होतो."

"मग मी कोणात येते?"

भात निवत गेला. मी लग्न केलं नाही, म्हणून मला कोणी न्यायला आलं नाही. पण म्हणून मी इथली झाले असंही नाही. आठवडाभर मी उन्हातान्हात याच लोकांची नावं लिहीत फिरले, आणि एकालाही, मलासुद्धा, सुचलं नाही की या बाईचं नाव कुठे आहे. फार लागलं. अजून लागतंय. अदीबवर मी ओरडलेही नाही, आणि त्याची मला स्वतःलाच भीती वाटली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस रडून झालं. रडल्याने नावं वाढत नाहीत.

आज उम्म सक्र काकूंकडे गेले. वफाही होती. मी म्हटलं, काकू, मागणी घालायला पुरुष जथ्याने जातात ना, तसं आपण जायचं का? बायकांनी, आपल्याच मदाफात? काकू कोबीची पानं गुंडाळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, शुक्रवारी ना? मग आंघोळ गुरुवारीच उरकते.

त्यांच्याकडून निघाले ती मधल्या आळीत गेले, मग खालच्या. एकीलाही दोनदा सांगावं लागलं नाही. घरी आल्यावर हियामला दारात गाठलं आणि बजावलं, अदीबला यातलं अक्षर सांगायचं नाही. तिने मान डोलावली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

नमाज संपल्यावर आम्ही पंचवीसेक जणी निघालो. मदाफा चढावर आहे. आत्या प्रत्येक वळणावर थांबत होती आणि थांबली की कोणाच्या तरी सुनेच्या बुटांना नावं ठेवत होती, म्हणजे दम लागलाय हे कोणाला कळू नये. तिला आणू नये असं मला वाटत होतं. पण ती म्हणाली, जथ्याच्या पुढे वडीलधारं माणूस लागतं, आणि या घराण्याच्या लेकींत माझ्याहून मोठ्या सगळ्या मेलेल्या आहेत.

नशीब असं की मदाफात आधीच जादा खुर्च्या मांडलेल्या होत्या, बहुधा गेल्या आठवड्यातल्या कोणाच्या मातीनंतरच्या राहिल्या असाव्यात. दाराजवळच्या एका खुर्चीवर तर उशीही होती. आत्याला तिथेच बसवलं. पुरुष गडबडून उठले. अदीब खांबापाशी उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. दारात आलेल्याला कॉफी न देणं आमच्यात होतच नाही, तेव्हा वेलदोड्याची कडू कॉफी फिरली. आम्ही प्रत्येकीने पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला.

ते ठेवलेले पेले सगळ्या बैठकीने पाहिले. मागायला आलेला माणूस मागणं मान्य झाल्याशिवाय पेला ओठाला लावत नाही, आणि आलेल्याची कॉफी निवू देणं यासारखी घराची नाचक्की नाही. हे पोरांनाही ठाऊक असतं.

काका मिशीत हसले. "काय रतीबा, आमच्या घरात कोणाला मागणी घालायला आलीस?"

"आम्हालाच," आत्या म्हणाली. "आमच्या बापाच्या घरात आम्हाला घ्या म्हणून आलोय, फर्हान."

मग मी उभी राहिले. हा गणिताचा तास आहे असं धरून चालले. सांगितलं की चारशे नावं भरली नाहीत तर पासष्टच्या वरचे सगळे बाद. या खोलीतले अर्धे. लेकीबाळी धरल्या तर नावं भरून उरतात. काका म्हणाले, मला विमा नको, मी बिनविम्याचा ब्याऐंशीचा झालो. तेव्हा मागून उम्म सक्र काकूंचा आवाज आला, "तुम्हाला नको असेल. गुडघे माझे दुखतात." कोणीतरी फिसकन हसलं. काका तिच्यासमोरच्या भरलेल्या पेल्याकडे बघत राहिले. साठ-बासष्ट वर्षांच्या संसारात तिने दिलेली कॉफी यांनी प्यायली असेल, पण यांच्या घरची कॉफी तिने न पिता ठेवलेली त्यांनी आजच पाहिली.

मग काका म्हणाले, "ठीक आहे. रतीबा वडीलधारी आहे, आजारी आहे. तिला घेऊ. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघू. पी रतीबा, कॉफी पी."

मी ज्यासाठी पहिल्या दिवसापासून धडपडले ते मिळालं होतं. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं, खरंच नव्हतं. पी म्हणून मी तिला डोळ्यांनी खुणावत होते. आत्याने पेला उचलला, पाहिला आणि परत ठेवला, मघापेक्षा लांब.

"तुमचे कागद ज्या पोरीने वाचले, तिचं नाव कुठे आहे फर्हान?"

काकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"ती नाही तर मीही नाही. माझी झडप आहे तशी बरी आहे."

मी खाली वाकून तिच्या कानात म्हटलं, आत्या, वेडी आहेस का, पी ती कॉफी. तिने माझा हात झटकला. इतका राग मला तिचा कधी आला नव्हता.

तेवढ्यात अदीब खांबापासून पुढे आला. म्हणाला, "काका, माझ्या घरात माणसं सात आहेत. मी पाच लिहिली. चूक माझी आहे. सात लिहिणार असाल तर मी अध्यक्ष, नाहीतर दुसरा बघा."

मग मागून एक पुतण्या म्हणाला, माझ्याकडे बहीण धरून सहा. दुसरा म्हणाला, माझी आई मोजून चार, तिचं माहेरही इथलंच आहे. अशी नावं येऊ लागली. काका ऐकत होते. शेवटी त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि खाली बघत म्हणाले, "माझ्या घरात वफा लिहा. आणि तिची दोन्ही पोरं."

मग हात वर करून सगळ्यांना म्हणाले, "कॉफी प्या. मागितलंत ते तुमचंच आहे."

कॉफी गारढोण झाली होती. एकीनेही पेला बदलून मागितला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

करारावर सह्या झाल्या. रझानच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू पाहिलं.

मी अदीबच्या घरात नाव लिहून घेतलं नाही. निधीची वर्गणी स्वतः भरली. नियमावलीत वर्गणीदार पुरुषच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही, तसं लिहावं लागेल असं कोणाच्या मनातच आलं नसावं. आत्याला माझ्याच घरात धरलं. अदीबचं तोंड पडलं. सात म्हटलं होतं मी सगळ्यांसमोर, म्हणाला. मी म्हटलं, जेवायला आम्ही तुझ्याकडेच आहोत, घाबरू नकोस. पण पुन्हा कोणाला सांगू सांगू म्हणत तीन आठवडे काढावे लागू नयेत, म्हणून कागदावर वेगळ्या.

तो मघाशी जिना उतरताना म्हणाला की खुर्च्या पुरल्या ना त्या दिवशी. मी म्हटलं, हो, देवाची कृपा. तो नुसता मान हलवून गेला.

१७ नोव्हेंबर, रविवार

शस्त्रक्रिया झाली. झडप बसली, हृदय चांगलं चालतंय, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी खिडकीवर जुंपली होती. खोलीच्या दर्जावरून मंजुरी अडली. मी बाकावर बसून बघणाऱ्यांतली आता राहिले नव्हते, तेव्हा कार्ड पुढे करून उभी राहिले आणि हलले नाही. फोन माणसाने उचलला, हे खरं. काम झालं.

मग दुपारभर मी आणि अदीब बाहेर बसलो होतो. तो तसबीचे मणी ओढत होता, मी भिंतीवरच्या फरशा मोजत होते. चारच्या सुमाराला अतिदक्षता विभागातली नर्स बाहेर आली. म्हणाली, पेशंट शुद्धीवर आहेत, पण आत एकालाच सोडू, तेही फक्त पोटच्या मुलांपैकी. रतीबाबाईंची मुलगी कोण?

मी म्हटलं, त्यांना मुलगी नाही, आम्ही भावाची मुलं.

नर्सने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या म्हणतायत, आहे. उंच आहे, चष्मा आहे, आणि बाहेर कोणाशी तरी भांडत असेल."

अदीबने माझी पर्स माझ्या हातातून घेतली. "जा ना, ताई," तो म्हणाला.

मी उठले आणि आत गेले.